गॅलप, ट्रॉट, वॉडल आणि आमची आक्का

गेल्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला घरातली सगळी मंडळी टीव्हीपुढं जमली होती. वरातीच्या कडेकडेनं एक गृहस्थ पाठमोरे चालले होते. अंगात करडी सफारी, दोन्ही पाय बाहेरच्या अंगाला टाकत, कमरेला एकदा इकडं आणि एकदा तिकडं झोका देत. मी चहाचा घोट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे बदक कुणाकडचं रे?" बदक जरा पुढं गेलं, कुणाला तरी हात जोडायला वळलं, आणि तो मीच निघालो. पुढचा सगळा वेळ तेवढाच तुकडा मागं-पुढं करून बघण्यात गेला. सुनेनं हसू दाबायला ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि पुतण्यानं तो तुकडा कापून घराच्या ग्रुपवर टाकला. माझी बायको सुमन तेवढी हसली नाही, नुसती खोकली. ते जास्त लागलं.

मीही हसलो, पण आतून ओशाळलो ते वेगळ्या कारणानं. आमच्या घरात माणसाची चाल न ओळखणं म्हणजे स्वतःचं नाव विसरण्यासारखं. आमचं घराणं मेंढरं राखणारं. माझे वडील, त्यांना सगळी वस्ती तात्या म्हणायची, ते माणसाच्या तोंडाकडं फारसं बघायचेच नाहीत. शंभर मेंढरांची तोंडं सारखीच असतात, बघून काय करायचं? ते पाय बघायचे. कोणतं मेंढरू उद्या आजारी पडणार हे ते आज त्याच्या मागच्या पायावरून सांगत. पुढं कालव्याचं पाणी आमच्या माळापर्यंत आलं, तात्यांनी कळप विकला, विहीर खोदली, वांगी-टोमॅटो लावले, आणि दुधासाठी ठेवलेल्या चार मेंढ्या सोडल्या तर दावणीला काही राहिलं नाही. मेंढरं गेली, पण नजर कुठं जाणार? ती माणसांवर वळली. संध्याकाळी दाराशी बाजेवर बसून ते कालव्याच्या भरावाकडं बघत असायचे. लांबवर मुंगीएवढं माणूस दिसलं की सांगायचे, "पिंपळीचा पाव्हणा आला बघा. आन पायात नवी व्हाण हाय, चावतीया त्याला." पाव्हणा येऊन टेकला की पहिल्यांदा वहाण काढून टाच चोळायचा. आई म्हणायची, ह्या माणसाच्या समोरून चालायची सोय नाही.

आई स्वतः चालायची ती बारीक पावलांनी, तुरुतुरु, सारखं काहीतरी उतू जायला आल्यासारखी. आमचं घर म्हणजे पत्र्याचं छप्पर टाकलेल्या दोन खोल्या आणि पुढं चोपून टणक केलेलं अंगण. पहाटे भाकरी थापल्याचा आवाज यायचा, त्याच्या मागं कालव्याच्या पाण्याची एकसारखी घरघर, आणि उसाच्या दिवसांत सोमेश्वरनगरकडं निघालेल्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा लांबून येणारा खुळखुळाट. मेंढीच्या दुधाचा चहा इतका दाट व्हायचा की बशीत ओतला तर साय आधी पडायची. थंडीत हुलग्याच्या शेंगोळ्या. आता सून मला त्या करून घालते, चांगल्या करते, पण तिला पिठात लसूण किती घालू हे विचारायची सवय आहे आणि मला ते सांगता येत नाही, म्हणून त्या दर वेळी वेगळ्याच होतात.

आक्का आमच्यातली थोरली, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. आमचा कळप शेवटचा कोकणात उतरला त्या वर्षी ती घाटात सामानाच्या तट्टावरून पडली. वाटेतल्या एका वैदूनं हाड बसवलं. बसलं, पण बोटभर आखूड बसलं. तेव्हापासून तिचं एक पाऊल पडलं की दुसरं जरा विचार करून पडल्यासारखं पडायचं. खांदा थोडा खाली जायचा आणि लगेच वर यायचा. आमच्या घरात गावातल्या प्रत्येकाच्या चालीवर बोलणं व्हायचं, सरपंचापासून कोंबडीपर्यंत. आक्काच्या चालीवर मात्र कधी कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, ते प्रेमानं. आता वाटतं, नुसतं प्रेम असतं तर एखाद्या वेळी तरी कुणी सहज बोलून गेलं असतं.

मी नववीत गेलो तेव्हा आमच्या शाळेत इंग्रजीला नवे मास्तर आले. त्यांचं म्हणणं, इंग्रज माणूस नुसतं 'चालला' असं कधी म्हणत नाही. कोण चाललं आणि कसं चाललं, त्याचा त्याच्याकडं निराळा शब्द असतो. ते छडीनं बाकावर ताल धरायचे आणि आम्ही साठ पोरं ओरडायचो: हॉर्स गॅलप्स, डाँकी ट्रॉट्स, डक वॉडल्स, माऊस स्कॅम्पर्स, लायन प्राऊल्स, पीकॉक स्ट्रट्स. कुत्रं, मांजर, हत्ती, अस्वल, सगळ्यांना शब्द. मेंढराला काय, म्हणून मी विचारलं, तर कोकराला आहे म्हणाले, लॅम्ब फ्रिस्क्स. मेंढराला नाही. मेंढरू मोठं झालं की इंग्रजांना त्याच्या चालण्यात काही बघण्यासारखं वाटत नसावं. हे तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्येंनी राखली न्हाईत कधी."

घरी मी हे घोकायचो तेव्हा आक्का शेजारी बसून वाटाणा सोलत असायची. तिची शाळा सातवीतच सुटली होती, पण शब्द माझ्याआधी तिला पाठ व्हायचे. आणि ती ते लगेच वापरायला काढायची. शेजारच्या काकू पाण्याला निघाल्या की ती शेंगेतनं मान वर न काढता म्हणायची, "वॉडल." आई चुलीकडून परड्याकडं धावली की, "स्कॅम्पर." आमचे मामा आठवड्याला एकदा यायचे आणि जेवणाच्या वेळेला बरोबर स्वयंपाकघराच्या भोवती फिरायला लागायचे, त्यांना तिनं 'प्राऊल' दिला होता. तात्यांना मात्र शब्द सापडेना. काठी मानेवर आडवी, दोन्ही हात तिच्यावर लोंबकळत ठेवलेले, आणि पाय असे पडायचे की पुढं कळप आहेच. आम्ही पुस्तकातले सगळे शब्द त्यांना लावून पाहिले, बसेना. घरातल्या कुणालाच कळत नसल्यामुळं आम्ही समोरासमोर बोलायचो आणि हसून हसून वाटाण्याच्या शेंगा सांडायचो. एकदा मात्र ती सोलता सोलता म्हणाली, "बापू, लंगडण्याला काय म्हंत्यात रं?" मी पुस्तक चाळल्यासारखं केलं आणि म्हणालो, माहीत नाही, आमच्यात अजून आलं नाही. तिनं पाटीतले वाटाणे हातानं सारखे केले. म्हणाली, "लिंप. तुझ्याच पुस्तकात हाय, सतराव्या पानावर. म्या म्हटलं तू सांगतोस का बघावं."

तोवर तिला बघायला पाहुणे यायला लागले होते. आमच्याकडं त्या वेळी रीतच होती. मुलगी पाटावर बसायची, नाव-गाव सांगायची, मग पाहुण्यांतलं कुणीतरी घसा साफ करून म्हणायचं, "जरा चालून दाखवू द्या पोरीला." सगळ्या मुलींना म्हणायचे, बैलबाजारात बैलाला म्हणतात तसंच. आक्का उठायची, भिंतीपर्यंत जायची, परत यायची. पाहुणे पोहे संपवायचे, पान खायचे, कळवतो म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. असं होत होत आईच्या हातच्या पोह्यांतले शेंगदाणे कमी होत गेले. शेवटी शेवटी तर नुसता कांदा. तात्या बाजेवर बसलेले असायचे, पण भरावाकडं बघून कोण आलं ते सांगायचं त्यांनी बंद केलं. आई रात्रीच्या भाकऱ्या करताना मधेच थांबायची आणि तवा तसाच तापत राहायचा. घरात कुणी कुणावर रागावत नव्हतं. सगळे एकमेकांशी फार जपून बोलायला लागले होते, आणि त्यानंच जीव घुसमटायचा.

अशात मामांनी इंदापूरकडचं स्थळ आणलं. मुलाचं नाव वसंत. घरचा ट्रॅक्टर, धरणाच्या फुगवट्याला लागून जमीन, आई लहानपणीच गेलेली, आजीनं वाढवलेला. मामा म्हणाले, असं स्थळ पुन्हा दाराशी येणार नाही. पाय आखूड आहे हे त्यांच्या कानावर घातलंय का, असं आईनं विचारलं, तेव्हा मामा पानाला चुना लावायला लागले. आणि मग आमच्या तात्यांनी, ज्यांना मेंढराच्या पायातली खोट लपवणारा व्यापारी म्हणजे जगातला सगळ्यात हलका माणूस वाटायचा, त्यांनी त्याच व्यापाऱ्यांची युक्ती काढली. बाजारात लंगडं जनावर कधी टणक जमिनीवर चालवून दाखवत नाहीत. वाळूत दाखवतात, नाहीतर नांगरटीत. मऊ जमिनीत सगळेच पाय थोडे थोडे रुततात, त्यात एकाची खोट झाकून जाते. तात्यांनी माळ्यावरून जेन काढलं. जेन म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, कळप होता तेव्हा विणून घेतलेलं. ते दुहेरी करून त्यांनी बाहेरच्या खोलीत दारापासून भिंतीपर्यंत अंथरलं, वर स्वतः चालून पाहिलं आणि आक्काला म्हणाले, "चाल बरं." आवाज मेंढराला देतात तसा मऊ होता. आक्का चालली. खांदा खाली गेला, पण नेहमीपेक्षा निम्माच. आईनं डोळ्यांना पदर लावला, तो आनंदानं की कशानं, मला अजून सांगता येत नाही.

पुढचे आठ-दहा दिवस संध्याकाळी हीच तालीम. युक्तीत माझा भाग असा, की मी दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायचं आणि खांदा जास्त जायला लागला की तिला इशारा द्यायचा. इशारा पाहुण्यांना कळता कामा नये. आक्कानंच ठरवलं, आपले शब्द वापरू. अॅम्बल म्हणजे चाललंय तसं छान, घोड्याची संथ झुलती चाल. ट्रॉट म्हणजे पाऊल फार भरभर पडतंय. आणि लिंप म्हणजे लिंप. मी पुस्तक हातात धरून अभ्यास केल्यासारखं पुटपुटायचो आणि ती जेनावरून जायची-यायची. पहिल्या दिवशी आम्हाला हसू आलं. नंतर येईना. एकदा मी चारदा लागोपाठ लिंप म्हणालो, तर ती तशीच भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, आणि मग म्हणाली, "म्हण म्हण. थांबू नको. त्या दिवशी तर म्हणायचंच हाय."

पाहुणे आले ते भाड्याच्या जीपमधून. आमच्या दारापर्यंत येणाऱ्या वाटेत पाइपलाइनचा चर खोदलेला होता, म्हणून जीप कालव्याजवळच थांबली. वसंत उंच होता, इस्त्रीचा शर्ट, बोलायला कमी. त्याची आजी म्हणजे कमरेतून वाकलेली, हातात काठी, डोक्यावरून पदर, आणि डोळे मात्र असे की मला वाटलं, तात्यांना जोडीदार मिळाला. ती आत आली, जेनावर पाय ठेवला, खाली बघितलं, काठीचं टोक त्यात दोनदा रुतवून पाहिलं आणि काही न बोलता भिंतीशी बसली. आक्का पोह्याच्या बशा घेऊन आली. त्या दिवशी पोह्यांत शेंगदाणे होते, खोबरंही होतं. मी चौकटीला टेकून म्हणालो, अॅम्बल. ती गेली, आली. अॅम्बल. तिनं चहा आणला. अॅम्बल. मामांनी तात्यांकडं बघून पापण्या मिटल्या, म्हणजे झालं. चालून दाखव म्हणायचीही गरज पडली नाही, तिचं चालणं झालंच होतं. तेवढ्यात म्हातारीनं कपबशी खाली ठेवली आणि आक्काला म्हणाली, "बाय माजे, मला जरा भाईर घिऊन चल. त्वांड धुवायचंय."

नको कसं म्हणणार? आक्कानं तिला हात दिला. दोघी जेनावरून उतरल्या आणि अंगणात निघाल्या. ते अंगण आईनं कालच सारवून घेतलेलं, दगडासारखं टणक. हौद पार दुसऱ्या टोकाला. आत आम्ही सगळे बसलेलो आणि दार उघडं. मी म्हणालो, लिंप. जरा मोठ्यानं म्हणालो, लिंप. तिनं ऐकलं, कारण मान थोडी वळली, पण पाऊल बदललं नाही. म्हातारीचा सगळा भार दंडावर घेऊन ती आपल्या स्वतःच्या चालीनं गेली, खांदा पुरता खाली, पुरता वर. हौदावर तिनं पाणी ओतलं, म्हातारीनं तोंड धुतलं, पदरानं पुसलं, आणि दोघी तशाच परत आल्या. तात्या जेनाकडं बघत होते. पाहुण्यांनी पान घेतलं. कळवतो म्हणाले.

निघताना जे झालं ते असं. वसंत दारातून उतरला आणि सरळ जीपकडं चालायला लागला, छाती काढून, लांब लांब ढांगा टाकत. एकदाही मागं वळला नाही. मामा आणि तात्या आत कुजबुजत मागं राहिले होते. म्हातारी एकटीच काठी टेकत, चरावरच्या फळीशी थबकत, त्याच्या मागं चालली होती. मी पळत जाऊन तिला फळीवरून हात दिला. आक्का स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. ती त्या पाठमोऱ्या शर्टाकडं बघत होती.

दोन-तीन दिवसांत मामा सायकल आडवी टाकून घरात शिरले. होकार आला होता. म्हातारीनं निरोप दिला होता, तो त्यांनी तिच्याच आवाजात सांगितला: "पोरीचा हात धरून चालले. तिनं माझा तोल संभाळला, सोताचा न्हाय. तुमचं ते जेन गुंडाळून ठिवा आन पोरगी द्या." आईनं देवापुढं साखर ठेवली, मग आमच्या सगळ्यांच्या हातावर ठेवली. तात्यांनी कितीतरी दिवसांनी भरावाकडं बघून सांगितलं की तलाठी येतोय आणि त्याचं पोट बिघडलंय. आक्कानं हातावरची साखर खाल्ली नाही. वाटीत परत टाकली आणि म्हणाली, तिला हे स्थळ करायचं नाही.

त्या संध्याकाळचं मला सगळं आठवतं, अगदी चुलीत ओलं सरपण धुपत होतं तेही. आईला आधी वाटलं, पोरगी लाजतेय. मग वाटलं, कुणी काही सांगितलंय. मग ती रडायला लागली. मामा म्हणाले, लोक काय म्हणतील, लंगडी असून... आणि वाक्य गिळून पाणी प्यायले. तात्यांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं आणि विचारलं, "पोरात खोट काय हाय?"

आक्का म्हणाली, "स्ट्रट."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. आता तात्यांना, ज्यांना आपल्या भाषेत पायाच्या पन्नास तऱ्हा माहीत, त्यांना मी इंग्रजीतली एक काय सांगणार? मला सुचलं ते सांगितलं, की मोर चालतो तसं. तात्या म्हणाले, "मग मोरात काय वाईट हाय?" एरवी आम्ही दोघं हसलो असतो. आक्का उभी होती ती चुलीशी येऊन बसली आणि मराठीत बोलली, हळू, तात्यांच्या पायांकडं बघत. "म्हातारी मागनं काठी टेकीत येत हुती. तिनं वाढवलाय त्याला. त्यो पुढं निघून गेला, मागं बघितलं सुदीक न्हाय. तिच्यासाठी ज्याचं पाऊल बारीक हुईना, त्यो माझ्यासाठी काय करील?"

तात्यांनी चुलीतलं धुपतं सरपण पुढं सारलं. मग जे बोलले ते त्यांनी पुढं कधी परत घेतलं नाही, आणि आक्कानंही कधी उकरून काढलं नाही. ते म्हणाले, "लंगड्या मेंढरानं कळपाला थांब म्हणायचं नसतं. चालायचं असतं."

"तुमी तर थांबत हुता, तात्या."

थांबायचे, हे खरंच होतं. घाट उतरताना एखाद्या मेंढीच्या खुरात काटा मोडला तर ते सगळा कळप रस्त्याच्या कडेला बसवायचे, पाठीमागून येणारे वाड्यातले, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या मेंढपाळांच्या तांड्यातले लोक शिव्या देत पुढं जायचे, आणि तात्या त्या मेंढीचा पाय मांडीवर घेऊन बसायचे. आक्का पडली त्या वर्षी तर सगळा वाडा पुढं गेला आणि आमचा एकट्याचाच कळप घाटात राहिला होता. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तात्या उठले, काठी घेतली आणि बाहेर गेले. त्यांनी मानेवर काठी आडवी टाकली नव्हती, नुसती हातात धरली होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतः इंदापूरच्या एसटीत बसले आणि सांगून आले की आमचीच तयारी नाही, पोरीचा काही संबंध नाही.

आता एखाद्या गोष्टीत असतं तर पुढं चांगलं काहीतरी झालं असतं. तसं झालं नाही. बातमी पसरली, ती जशी पसरायची तशीच पसरली. लंगडी असून नखरा करते. स्थळं यायची बंद झाली. आई वर्षभर आक्काशी कामापुरतं बोलली, आणि जेन तिनं माळ्यावर न ठेवता उंदरांनी कुरतडावं अशा जागी टाकून दिलं. तात्यांचं बोलणं तुटलं नाही, पण ते आक्का अंगणातून चालली की दुसरीकडं बघायला लागले. माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. माझ्या लग्नात आक्का दिवसभर आचाऱ्यांच्या मागं राहिली आणि मंडपात अक्षता टाकायला तेवढी आली. तिनं पुढं घराशेजारी रोपांची नर्सरी काढली. आज तिथं टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची यांच्या रोपांचे ट्रे ओळीनं लागलेले असतात आणि इंदापूरपासून शेतकरी रोपं न्यायला येतात. लोक तिला मानतात. पण एखाद्या पावसाळी दुपारी ती शेडमध्ये एकटीच मातीनं ट्रे भरत बसलेली दिसते, तेव्हा मला त्या वाटीत परत टाकलेल्या साखरेची आठवण होते. ती चूक होती की बरोबर, हे मी तिला कधी विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण घडलं. मागच्या पंधरवड्यात इंदापूरला एका लग्नाला गेलो होतो. मामांचा मुलगा शेजारी बसला होता, त्यानं कोपरानं ढोसून दाखवलं, ते बघ तुमचे वसंतराव. उंची तीच, केस पांढरे. बायकोला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. तिचा हात त्यांनी आपल्या हातावर घेतला होता आणि दुसऱ्या हातात तिच्या चपला धरल्या होत्या. मांडवाच्या तोंडापासून जेवणाच्या पंक्तीपर्यंत अंतर ते काय, पण त्यांना बराच वेळ लागला. ती एक पाऊल टाकायची, थांबायची. ते एक पाऊल टाकायचे, थांबायचे. लोकांशी बोलतानाही नजर तिच्या पायांवर. पोरं कडेनं पळत होती, वाढपी बादल्या घेऊन ओरडत होते, आणि ते दोघं त्या गर्दीतून असे चालले होते की दुसरं कुणी मांडवात नाहीच. ते आमच्या ओळीसमोर आले तेव्हा मी मठ्ठ्याच्या पेल्यात डोकं घातलं. जिलबी तशीच टाकून उठलो.

येताना मोटारसायकलवर डोक्यात एकच. त्या दिवशी जीप लांब कालव्याजवळ होती, वाटेत चर होता. तो पुढं गेला तो जीप चरापर्यंत आणायलाच गेला नसेल ना? म्हातारीला कमी चालावं लागावं म्हणून? मी तिला फळीवरून उतरवलं तेव्हा जीप कुठं होती? मागं घेतल्याचा आवाज आला होता का? खूप आठवून पाहिलं. पाठमोरा शर्ट आठवतो, ढांगा आठवतात, धूळ आठवते. जीप आठवत नाही. आम्ही सगळे त्याच्या पायांकडं बघत होतो.

घरी पोचलो तर आक्का नर्सरीतून हात धुऊन येत होती. आता गुडघाही धरतो, खांदा पूर्वीपेक्षा जास्त खाली जातो. तिनं विचारलं, लग्नात जेवायला काय काय होतं. मी सांगितलं, मसालेभात होता, मठ्ठा बरा होता, जिलबी फार गोड होती. ती म्हणाली, जिलबी गोडच असते बापू, आणि आपल्या खोलीत गेली. मी तिच्या पाठमोऱ्या चालीकडं बघत राहिलो. सांगावं की सांगू नये? सांगितलं तर एवढ्या वर्षांनी तिच्या पदरात काय टाकणार होतो मी? आणि नाही सांगितलं तर ते माझ्यापाशीच राहणार.

सुमन मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, जेनापासून जिलबीपर्यंत. तिला जेनाचं माहीत नव्हतं, एवढ्या संसारात कधी विषयच निघाला नव्हता. शेवटी मी म्हटलं, वसंतराव तसा माणूस नव्हताच बहुतेक, चांगला माणूस होता, आज डोळ्यांनी बघितलं. तिनं हातातली जुडी संपवली, काड्या बाजूला केल्या आणि म्हणाली,

"एकदा चालताना बघितला आन वाईट ठरवला. आता एकदा चालताना बघितला आन चांगला ठरवताय. अहो, तुमच्या घरात माणसाला थांबवून दोन शब्द बोलायची रीतच न्हाय का?"